एकोणचाळिसाव्या दिवशीचं जावळ

"साखर कुठल्यावर टाकतेयस?" अग्लाया मावशीनं दारातूनच विचारलं.

"दोन्हींवर."

"म्हणजे जिवंताच्या आणि मेलेल्याच्या ताटात एकाच चाळणीतून?"

"घरात चाळणी एकच आहे, मावशी."

ओतिलियानं चाळणीला बोटानं टिचकी मारली. पिठीसाखर आधी डावीकडच्या थाळीत पडली, मग उजवीकडच्या. डावीकडे साबिनच्या पहिल्या वाढदिवसाचा केक होता. शुक्रवार, म्हणजे उपास. अंडं चालत नाही, दूध नाही, लोणी नाही. उपासानं तिला मदतच केली होती. बिस्किटांचा चुरा, अक्रोड आणि घरच्या आलुबुखाराचा मुरंबा, एवढ्यात केक झाला होता. उजवीकडे कोलिवा होता. उकडलेले गहू, साखर, त्याच पुड्यातले उरलेले अक्रोड, आणि वर त्याच बिस्किटांचा चुरा. तो उद्याचा, चर्चमध्ये न्यायचा. उद्या आईला जाऊन चाळीस दिवस होत होते. कोलिवावर कोकोचा क्रूस काढायचा तो सकाळी, ऐन वेळी. आदल्या दिवशी काढला तर साखरेला पाणी सुटतं. त्यामुळे आत्ता दोन्ही थाळ्या सारख्याच पांढऱ्या, सारख्याच गोल दिसत होत्या.

अग्लाया मावशी शेजारच्या घरात राहायच्या. आईच्या वयाच्या, आईच्याच बांध्याच्या. एका अंगणात नाही तरी एका जिन्यावर दोघींचा जन्म गेला होता. त्या स्टुलावर बसल्या आणि चुऱ्यातला एक अक्रोड उचलून तोंडात टाकला.

"चाळीस दिवस जीव घरातच असतो," त्या म्हणाल्या. "घरात जीव असताना पोराच्या डोक्याला कात्री लावत नाहीत. गेलेल्या माणसाला वाटतं, हे केस आपल्यासाठीच काढलेत. घेऊन जातं. आणि केसांच्या मागून..."

पुढचं न बोलता त्यांनी छातीवर क्रूस काढला.

"स्मारांदाची बस उद्या सकाळची आहे," ओतिलिया म्हणाली. "जावळ बाप्तिस्म्याच्या धर्ममातेनंच काढायचं. ती स्पेनहून येते वर्षातून एकदा. पुढच्या वर्षी साबिनच्या केसांच्या वेण्या घालू का?"

"घाल. वेण्या घातल्यानं कुणी मरत नाही."

ओतिलिया हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून हसू ओठांवर नीट बसलं नाही. तिनं दोन्ही थाळ्यांवर चंदेरी कागद लावला आणि बंद बाल्कनीतल्या गार फळीवर नेऊन ठेवल्या. केक डावीकडे, कोलिवा उजवीकडे. डावीकडे केक, असं ती मनाशी म्हणालीसुद्धा.

तिची आई, प्रोफिरा, ब्राइला शहरातल्या ट्रामवर तिकिटं तपासायची. एकोणतीस वर्षं. तिच्या हातात तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा असायचा, मुठीत घासून घासून त्याच्या दांड्या चकचकीत झाल्या होत्या. निवृत्त झाल्यावर चिमटा परत करायचा असतो, तो तिनं केला नाही. आयुष्यात तिनं सरकारची ठेवून घेतलेली ती एकच वस्तू. पुढं तो तिच्या कोटाच्या खिशात असे, आणि विचारात असली, कुणाची वाट पाहत असली, की खिशातल्या खिशात वाजे. टक्. टक्. ओतिलिया शाळेत असताना एकदा मैत्रिणींसोबत विनातिकीट ट्रामनं गेली. चढली नेमकी आईच्याच ट्राममध्ये. आईनं सगळ्यांना तिकिटं विचारली, तिलाही विचारलं, सगळ्यांसमोर दंडाची पावती फाडली आणि पुढं गेली. घरी त्यावर एक अक्षर काढलं नाही. जेवताना पोरीच्या ताटात जास्तीचं धिरडं वाढलं, बस्स.

साबिन झाला तेव्हा आई म्हणाली होती, "वर्षाचा झाला की मी सांभाळीन, तू कामावर जा." आणि मग, मावशींच्या समोरच, "ताट करशील तेव्हा माझा चिमटा त्यात ठेवू नकोस हं."

वाढदिवसाला जावळ काढलं की बाळापुढं एक ताट धरायचं. त्यात नाना वस्तू. बाळ तीन उचलतं, आणि त्यावरून लोक त्याचं आयुष्य सांगून मोकळे होतात.

"का गं आई?"

"ज्याच्या हाती चिमटा आला तो जन्मभर उभा. एकोणतीस वर्षं मी सगळं शहर उभ्यानं फिरले. दुसऱ्यांच्या मांडीवरच्या पिशव्या बघत. माझ्या नातवाला बसू दे कुठंतरी." मग बाळाच्या गालाला बोट लावून म्हणाली, "ताटाच्या दिवशी मी असेनच. बघेन काय घेतो ते."

आणि सप्टेंबर संपता संपता, औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना, ती गेली. पुढं दोनच माणसं होती म्हणे.

रिवाजाप्रमाणे ओतिलियानं खिडकीत, आईच्या खुर्चीपाशी, पाण्याचा पेला ठेवला. चाळीस दिवस जीव तहानलेला येतो. रोज सकाळी ती पेला काठोकाठ भरायची. संध्याकाळी तो बोटभर उतरलेला असायचा. पाणी हवेत उडतं, हे तिला ठाऊक होतं. ती शाळेच्या वाचनालयात काम करायची, पुष्कळ वाचायची, आणि अशा गोष्टींची कारणं तिला सापडत. तिसऱ्या आठवड्यात तिला पहिल्यांदा तो आवाज आला. टक्. नवरा, तिबी, म्हणाला, "पाईप वाजतात गं." पण गरम पाण्याचे पाईप त्या वर्षी अजून सुरू झालेले नव्हते. तिनं ते त्याला सांगितलं नाही.

आणि साबिन. साबिन रिकाम्या खुर्चीकडे पाहून हात करायचा. हात करायचा म्हणजे, ती लहान मुलं करतात तसा: मूठ उघडायची, मिटायची. उघडायची, मिटायची.

ओतिलियाला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटायचीही. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. उद्या चाळिसावा. उद्या चर्चमधून आलं की पेला ओतून टाकायचा, खुर्ची जागेवरून हलवायची. मग आवाज येणार नाही, आणि पोरगं कुणाला हात करणार नाही. आई उद्या खरोखरची जाणार होती. म्हणून दुपारी तिबी फुगे फुगवत असताना आणि मावशी भरितासाठी वांगी सोलत असताना तिनं कपाटातून चिमटा काढला. ताट तयार होतं: पेन्सिल, चमचा, तिबीचा गोदीतल्या कामाचा पाना, एक पुस्तक, मावशींचं छोटं देवचित्र. त्यांच्या मधोमध तिनं चिमटा ठेवला आणि वर आईनंच कशिदा भरलेला टॉवेल अंथरला. आईनं नको म्हटलं होतं. पण तिला निदान एक तरी वस्तू पोराच्या मुठीत जाताना पाहायची होती.

चारला स्मारांदा आली. डॅन्यूबवरून धुकं चढलं होतं. चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर जग उरलंच नव्हतं.

"जिना चढताना वाटलं, ढगातच राहायला गेलात की काय," स्मारांदा धापा टाकत म्हणाली. ती स्पेनमध्ये एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायची आणि कायम कंबर धरून असायची. "एवढेच आपण? बरं झालं बाई. माझ्या भाचीनं हॉल घेतला होता. दोनशे माणसं, वाजंत्री. पोर घाबरून टेबलाखाली गेलं ते केक संपल्यावरच बाहेर आलं."

"आमच्याकडे टेबलाखाली जागा नाही," तिबी म्हणाला. "तिथं बटाटे ठेवलेत."

टेबलावर घोटलेल्या घेवड्यावर तळलेला कांदा होता, वांग्याचं भरीत, खारवलेली कोबी, मावशींनी भाजलेला पाव. तीन फुगे होते, त्यातला एक आधीच फुटला होता. साबिन तिबीच्या मांडीवर बसून पावाचा तुकडा चोखत होता. त्याचे तांबूस केस मानेपर्यंत आले होते.

"आधी केक," स्मारांदा म्हणाली. "उजेड आहे तोवर मला फोटो काढू दे. म्हातारीला दाखवायचेत. तिला वाटतं, आमच्या देशात अस्वलंच राहतात."

ओतिलिया बाल्कनीत गेली. डावीकडची थाळी उचलली. कागद काढला, मधोमध एकुलती एक मेणबत्ती रोवली, पेटवली आणि आत घेऊन आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवत 'उदंड वर्षं जगो' म्हटलं. स्मारांदानं सूर फार वर लावला, मावशी तो खाली ओढत राहिल्या. फोटो निघाले. मग तिबीनं पोराच्या हातावर हात ठेवून सुरी टेकवली.

सुरी वाळूत शिरावी तशी खाली गेली. काठ ढासळला, आणि टेबलक्लॉथवर गहू सांडले.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग अग्लाया मावशी उठून उभ्या राहिल्या.

"फुंकू नका!" त्या किंचाळल्या. "कुणी फुंकू नका!"

"अहो मावशी, वाढदिवसाची मेणबत्ती आहे ती," स्मारांदा म्हणाली; पण आवाज तिचाही उतरला होता.

"कशात रोवलीय ते बघ. मेलेल्याची मेणबत्ती फुंकून विझवतात का?"

"तिबी, तू थाळ्या हलवल्यास?" ओतिलियानं विचारलं.

"मी कशाला हलवू? मी बाल्कनीत गेलोच नाही."

"मावशी?"

"मी सोलत होते. माझे हात बघ, अजून काळे आहेत."

मेणबत्ती जळत राहिली. फुंकावी तर गेलेलीचा अपमान, न फुंकावी तर पोराचा वाढदिवस अर्धा. म्हणून ती चार मोठी माणसं टेबलाभोवती उभी राहिली आणि बोटभर लांबीची निळी मेणबत्ती आपोआप संपायची वाट पाहू लागली. साबिन मेणबत्तीकडे बघतच नव्हता. तो बापाच्या खांद्यावरून मागं, खिडकीतल्या खुर्चीकडे बघत होता. त्यानं मूठ उघडली. मिटली.

टक्.

"पाईप," तिबी म्हणाला.

स्मारांदाची मान हळूच खुर्चीकडे वळली होती, मावशींची बोटं गळ्यातल्या पदकावर गेली होती. ओतिलियाच्या अंगावर काटा आला तो आवाजानं नव्हे. इतके दिवस तिला वाटत होतं, आवाज आपल्या एकटीलाच येतो. आणि ते तिला, आता कळलं, आवडत होतं.

ज्योत मेणात बुडाली. धूर सरळ वर गेला नाही. आडवा होऊन खिडकीकडे गेला. बाल्कनीचं दार उघडं राहिलं होतं, त्यामुळेही असेल.

"आता?" स्मारांदानं कुजबुजत विचारलं.

"आता वाट्या आणा," ओतिलिया म्हणाली. तिनं चमचा घेतला आणि कोलिवा वाढायला लागली. "घ्या, मावशी. आईच्या जिवासाठी."

मेलेल्याच्या नावानं दिलेलं नाकारता येत नाही. मावशींनी वाटी घेतली. "देव तिला क्षमा करो," त्या पुटपुटल्या, आणि एक घास खाल्ल्यावर, राहवेना म्हणून, "गहू छान शिजलेत."

"तिच्यासारखे नाहीत."

"तिच्यासारखे कसे होतील? ती साखर मोजायचीच नाही."

ओतिलियानं एक गहू बोटानं चेपून साबिनच्या तोंडात घातला. त्यानं तो विचारपूर्वक चघळला. आजीचं अन्न नातवानं वाढदिवसाला खाल्लं, यात भिण्यासारखं काय आहे, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत म्हणाली, "स्मारांदा, कात्री घे."

"ओतिलिया, अजूनही ऐक," मावशी म्हणाल्या. पण त्या जागच्या उठल्या नाहीत.

स्मारांदानं बाळाच्या डोक्यावरून क्रुसाच्या चार टोकांना चार बटा कापल्या. साबिन रडला नाही. कापलेल्या बटा मऊ केलेल्या मेणाच्या गोळीत दाबून तिनं गोळी भिंतीवरच्या देवचित्रामागं ठेवली. मग ताट आणलं, जमिनीवर ठेवलं, टॉवेलचं टोक धरलं आणि जादूगारासारखा तो उचलला.

पेन्सिल. चमचा. पाना. पुस्तक. देवचित्र. स्मारांदानं आत्ताच टाकलेलं एक नाणं. मधोमध जागा रिकामी होती.

ओतिलियानं ताटाखाली हात घातला. टॉवेल झटकला. चटईचा कोपरा उचलून पाहिला.

"काय शोधतेस?" तिबीनं विचारलं.

"काही नाही."

साबिननं चमचा उचलला. "खाऊन-पिऊन सुखी राहील," स्मारांदा म्हणाली. मग पाना. तिबीनं छाती फुगवली. "म्हणजे गोदीत बापासारखाच उपाशी," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्यांनाच हसायला बरं वाटलं. तिसऱ्यांदा साबिन ताटावर वाकला. त्याचा तळवा पुस्तकावरून गेला, नाण्यावरून गेला, आणि मधल्या रिकाम्या जागेवर टेकला. तिथं त्यानं मूठ मिटली. मूठ छातीशी धरून तो मागं सरकून बसला.

"तिसरं काय घेतलं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही घेतलं."

"काही नाही कसं? मूठ घट्ट मिटलीय की."

मूठ उघडून बघायचं कुणीच मनावर घेतलं नाही. झोपेतही साबिननं ती सोडली नाही.

भांडी विसळताना ओतिलियानं विचारलं, "मावशी, खरं सांगा. ताटातला चिमटा तुम्ही काढलात?"

मावशींच्या हातातली बशी थांबली. "तू ठेवला होतास? नको म्हटलं होतं ना तिनं? माझ्यासमोर?"

"हो."

"मग मला काय विचारतेस? तिला विचार."

सकाळी खिडकीतला पेला कोरडा होता. बोटभर उतरलेला नव्हे. तळापर्यंत रिकामा, लांबच्या प्रवासाला निघण्याआधी माणूस पिऊन टाकतं तसा. बाल्कनीत उजवीकडे केक होता, अख्खा. गहू संपले होते, नवे शिजवायला ना वेळ होता ना अक्रोड. ओतिलियानं कागदाच्या फटीतून कोको भुरभुरून त्यावर क्रूस काढला.

तिच्याकडे काळा कोट नव्हता. म्हणून तिनं आईचा घातला, ट्रामच्या खात्याचा, गडद निळा, गुडघ्याखाली येणारा. तो आज मावशींना द्यायचा होता. चाळिसाव्याला गेलेल्याचे कपडे कुणाच्या तरी अंगावर जावे लागतात, नाहीतर तिकडे ते माणूस उघडं राहतं. जिना उतरताना तिनं सवयीनं खिशात हात घातला.

चिमटा खिशात होता.

थंडीच्या सकाळी लोखंड गार असायला हवं होतं. नव्हतं. तिनं तो बाहेर काढला नाही. चर्चपर्यंत ती तशीच, तो मुठीत धरून चालली. नको म्हटलेली गोष्ट आईनं ताटातून उचलून नेली होती, ओरडली नव्हती, कुणापुढं लाज काढली नव्हती. धिरडं वाढावं तशी, आपल्या मार्गानं.

पाद्रीबाबांनी थाळीवरचा कागद काढला आणि चष्मा वर केला. "हे काय, पोरी?"

"केक आहे, बाबा. गहू काल मुलाच्या वाढदिवसाला संपले."

बाबांनी केककडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, बापाच्या कडेवरच्या चार कापलेल्या बटांच्या पोराकडे पाहिलं. "गोड आहे ना?"

"आहे."

"मग धरा सगळ्यांनी."

तिबी, ओतिलिया, मावशी आणि मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या, सगळ्यांनी थाळीला खालून हात लावला आणि 'तिची आठवण सदैव राहो' म्हणत ती हळूहळू वर-खाली झुलवली. मेणबत्ती केकमध्ये जळत होती. या वेळी ती कुणी फुंकेल याची कुणालाच काळजी नव्हती. नंतर म्हाताऱ्यांनी केक बोटांनी खाल्ला. एकजण म्हणाली, प्रोफिरा एकदा मला विनातिकीट नेताना खिडकीबाहेर बघत उभी राहिली होती, तीन थांबे. देव तिला क्षमा करो.

फाटकाशी ओतिलियानं कोट उतरवला. "घ्या, मावशी. आईच्या जिवासाठी." उतरवताना हात अजून खिशात होता. मग तिनं बोटं उघडली आणि रिकामा हात बाहेर काढला.

मावशींनी कोट घातला. बटणं बरोबर लागली. "देव तिला क्षमा करो," त्या म्हणाल्या, डोळे पुसले, आणि बाजार करायचा म्हणून ट्रामच्या थांब्याकडे निघाल्या. दहा पावलांवर धुकं होतं. पाठमोऱ्या त्या मावशी राहिल्या नाहीत. तोच खांदा, तोच किंचित डावीकडे कललेला चालीचा झोक. एक हात थंडीनं खिशात गेला.

टक्.

तिबीनं चमकून बायकोकडे पाहिलं. त्याच्या कडेवर साबिन ताठ झाला, धुक्याकडे तोंड करून. त्यानं कालपासूनची मूठ उघडली, मिटली. उघडली.

टक्. टक्. आवाज लांब गेला. मग घंटा वाजली, ट्रामचा पिवळा उजेड आला. नुसत्या स्वेटरवर उभी असलेली ओतिलिया कुडकुडत होती, पण हलली नाही. ट्राम सुटताना काचेतून तिला दिसलं: निळा कोट मधल्या रांगेत थोडा वेळ उभा राहिला, इकडं तिकडं पाहिलं, आणि मग खिडकीशी एका रिकाम्या जागेवर जाऊन बसला.